धागा: ७४१३८ लावला, सात माळा पेटतात आणि एकच विझते. डिकोडर नक्की करतो तरी काय?

रामबागी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंदूरला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या आराशीत आठ माळा एकामागून एक पेटत जातील असं सर्किट करायचं अंगावर घेतलंय. दर वर्षी बाजारातून तयार कंट्रोलर येतो आणि विसर्जनाच्या आधीच मान टाकतो. यंदा काका मंडळी म्हणाली, तू शिकतोस ना इलेक्ट्रॉनिक्स, मग होऊन जाऊ दे.

जोडणी अशी आहे: ५५५ टायमरचे ठोके ते मोजणाऱ्या ७४९३ काउंटरला, काउंटरची तीन आउटपुटं ७४एलएस१३८ या डिकोडरला (तीन तारांवरचा आकडा वाचून आठांतलं एक आउटपुट निवडणारी चिप), १३८ ची आठ आउटपुटं यूएलएन२८०३ या ड्रायव्हर चिपला आणि तिथून आठ रिले (विजेनं ओढले जाणारे स्विच). होतंय नेमकं उलटं. सात माळा पेटलेल्या असतात, एक विझलेली असते आणि ती विझलेली जागा पुढे सरकत जाते! आयसी बदलला तरी तेच. महाराणी रोडवरचा दुकानदार म्हणतो, "पीस बराबर है भिया, अपना सर्किट देखो."

प्रश्न दोन आहेत. हे सुलट कसं करू? आणि दुसरं म्हणजे, ट्रुथ टेबल (कुठल्या इनपुटाला कुठलं आउटपुट, याचा तक्ता) पाठ आहे, परीक्षेत काढूनही येईन, पण डिकोडर आत काय करतो आणि त्याला तीन-तीन एनेबल (चिप चालू-बंद करणारे पाय) कशाला दिलेत, हे कुणी समजेल असं सांगाल का? वर्गात हा भाग एका तासात उरकला.

निवृत्त_सोल्डर

दुकानदार खरं बोलला, आयसी ठणठणीत आहे. १३८ ची आउटपुटं अ‍ॅक्टिव्ह-लो असतात. जे निवडलं ते शून्यावर जातं, उरलेली सात एकवर बसून राहतात. यूएलएनचं उलट आहे, त्याला इनपुटवर एक मिळाला की तो रिले ओढतो. सात जणांना एक मिळतोय, सात रिले ओढले जातायत. दोघंही आपापलं काम चोख करतायत, फक्त पत्रिका जुळत नाही.

सोपा उपाय ७४एचसी२३८. पाय न् पाय १३८ सारखा, त्याच सॉकेटात बसतो, फक्त आउटपुटं सुलट आहेत: निवडलेलं एक, बाकी शून्य. पण एलएस आणि एचसी या ७४ सिरीजच्या दोन वेगळ्या जाती आहेत, तुझा काउंटर एलएस जातीचा असेल तर एक गोष्ट सांभाळ. एलएसचा 'एक' कमीत कमी २.७ व्होल्टचा असेल एवढीच डेटाशीट हमी देते. एचसीला ५ व्होल्टच्या सप्लायवर 'एक' समजायला ३.५ व्होल्ट लागतात. बहुतेक वेळा चालून जातं, पण मंडपात 'बहुतेक वेळा' चालत नाही. ७४एचसीटी२३८ मिळाला तर तो घे, त्याला एलएसचे व्होल्टेज समजतात. नाहीतर काउंटरच्या तिन्ही आउटपुटांना ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लाव.

दुसरा उपाय ७४०४ चा. एकात सहा इन्व्हर्टर, तुला हवेत आठ, म्हणजे दोन आयसी आणि मधल्या सोळा तारा. मी तरी करणार नाही.

तिसरा उपाय असा की ऑप्टोकप्लर असलेलं आठ रिलेंचं तयार बोर्ड बाजारात मिळतं, ते बहुधा शून्य दिल्यावर रिले ओढणारं असतं. ते असेल तर यूएलएन काढून टाक आणि १३८ थेट जोड.

आता आतली गोष्ट. ए, बी, सी हे तीन इनपुट. प्रत्येकाचा सरळ आणि उलटा असे दोन्ही सिग्नल आत तयार होतात, म्हणजे सहा तारा झाल्या. पुढे आठ नँड गेट (सगळे पाय एकवर असतील तरच शून्य देणारे) ओळीनं उभे, त्यांची आउटपुटं वाय० ते वाय७. वाय५ च्या गेटला सी सरळ, बी उलटा, ए सरळ. इनपुटवर १०१ आलं की याच गेटचे सगळे पाय एकवर जातात आणि नँड असल्यामुळे आउटपुट शून्य होतं. बाकीच्या सातांपैकी प्रत्येकाचा निदान एक पाय तरी शून्यावर असतो, म्हणून ते एकवरच राहतात. डिकोडर मोजत नाही, लक्षात ठेवत नाही, वाट पाहत नाही. इनपुट बदलला की सुमारे २० नॅनोसेकंदांत आउटपुट बदलतं, संपलं.

सिमरोल_रोड

काका, एवढा खटाटोप कशाला? अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारं छोटं बोर्ड) लाव, आठ पिना आठ रिलेंना, पाच ओळींचा प्रोग्राम. २०२५ मध्ये ७४ सिरीज कोण वापरतं?

निवृत्त_सोल्डर

लाव की. आणि मंडळानं पुढल्या वर्षी चोवीस माळा मागितल्या की पिना मोजत बस. तेव्हा डिकोडर लावून तीन पिनांवर आठ आणि पाच पिनांवर बत्तीस लाइनी लागतील आणि तू पुन्हा याच धाग्यावर येशील.

सिमरोल_रोड

तेव्हा मी ५९५ शिफ्ट रजिस्टर (एकामागून एक आलेले बिट धरून सगळ्या आउटपुटांवर मांडणारी चिप) लावीन, तीन पिनांत हव्या तेवढ्या लाइनी. :)

सीमाताई_डिजिटल

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. ५९५ मध्ये हवी ती नक्षी ठेवता येते, एकाच वेळी पाच दिवे पेटवता येतात. डिकोडरला ते जमतच नाही, एका वेळी एकच. पण अनेक ठिकाणी तीच तर त्याची किंमत आहे. एकाच बसवर (सामाईक तारांवर) आठ मेमरी चिप टांगलेल्या असताना चुकूनही दोन चिप एकदम बोलता कामा नयेत. डिकोडर मध्ये असला की प्रोग्राममध्ये कितीही गोंधळ झाला तरी दोघांना एकदम निवडणं तारांच्या पातळीवरच शक्य होत नाही.

धागाकर्त्याच्या एनेबलच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते डिकोडरचा सगळा जीव तिथंच आहे आणि पुस्तकात तो भाग आकृतीच्या कोपऱ्यात असतो.

पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, पण हातात पत्र असेल तरच दार वाजवतो. ए, बी, सी हा पत्ता, एनेबल म्हणजे हातातलं पत्र. १३८ ला तीन एनेबल आहेत: जी१ एकवर हवा, जी२ए आणि जी२बी दोन्ही शून्यावर हवेत. तिन्ही अटी जुळल्या तरच निवडलेलं आउटपुट शून्यावर जातं. एक जरी अट मोडली तरी पत्ता काहीही असो, आठही आउटपुटं एकवर.

आता मजा बघ. जी२ए वर कायमचा शून्य न देता एखादा बदलता सिग्नल सोड. तो शून्य झाला की निवडलेलं आउटपुट शून्य, तो एक झाला की तेही एक. म्हणजे जी२ए वरचा सिग्नल जसाच्या तसा निवडलेल्या आउटपुटावर उमटला. झाला डिमल्टिप्लेक्सर! म्हणूनच डेटाशीटच्या शीर्षकात १३८ ला डिकोडर आणि डिमल्टिप्लेक्सर ही दोन्ही नावं असतात. परीक्षेत "डिकोडर आणि डिमल्टिप्लेक्सर यांतील फरक" विचारतात आणि मुलं दोन रकाने काढून सहा मुद्दे लिहितात. मला ते वाचवत नाहीत.

रामबागी

ताई, पोस्टमन एकदम डोक्यात बसला. म्हणजे माझ्या सर्किटमध्ये जी२ए वर ५५५ चे ठोके दिले तर पेटलेली माळ लुकलुकेल?

सीमाताई_डिजिटल

त्याच ५५५ चे दिलेस तर लुकलुकणार नाही. काउंटरही त्याच ठोक्यावर पुढे जातो, त्यामुळे प्रत्येक माळ अर्धा वेळ पेटेल आणि मध्ये अर्धा वेळ अंधार. वेगळा, जरा जलद ऑसिलेटर दिलास तर लुकलुकेल. आणि तू २३८ लावलास तरी एनेबलचे नियम तेच राहतात, फक्त बंद असताना आठही आउटपुटं शून्यावर. रिले मात्र फार जलद नाचवू नकोस.

तारमार्ग

मी पेशानं वायरमन, इंदूरच्याच लोकमान्य नगरात. रिलेचा विषय निघाला म्हणून लिहितो. समजा माळ अर्ध्या सेकंदानं पुढे सरकते. आठ माळा, म्हणजे एकेक रिले चार सेकंदांत एकदा ओढला जाईल. रोज पाच तास चालवलं तर एका रिलेचे ४,५०० झटके, दहा दिवसांत ४५,०००. ते लहान निळे चौकोनी रिले पूर्ण लोडवर साधारण एक लाख झटक्यांचे असतात. हा गणपती निघेल, पुढचाही कसाबसा. शिवाय टकटक आवाज होत राहील, आरती चालू असताना बायका तुझ्याकडेच बघतील.

२३० व्होल्टच्या माळा सोड. १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या घे आणि रिलेच्या जागी लॉजिक-लेव्हल मॉसफेट (५ व्होल्टच्या सिग्नलवर चालू होणारा ट्रान्झिस्टर) लाव, आयआरएलझेड४४एन सारखा. २३८ चं आउटपुट थेट गेटला जाईल. गेटपासून जमिनीला १० किलोओहम विसरू नको. मंडपात पाऊस गळतो, पोरं तारांना हात लावतात. १२ व्होल्ट असले की रात्री झोप लागते. मेनची जोडणी कुणा जाणत्याकडून करून घे आणि पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असू दे.

निवृत्त_सोल्डर

+१. हे मी आधी सांगायला हवं होतं.

छप्पन_दुकान

एक अडाणी शंका. ४०१७ आयसीत ठोका दिला की दिवे ओळीनं पेटतात, आउटपुटंही सुलट, काउंटरही आतच. मग ७४९३ आणि १३८ असे दोन आयसी कशाला? नवव्या पिनेवरचं क्यू८ पंधराव्या पिनेच्या रीसेटला जोडलं की आठावर मोजणी परत शून्यापासून. झालं काम.

सीमाताई_डिजिटल

अडाणी अजिबात नाही. नुसती धावती माळ हवी असेल तर ४०१७ च उत्तम, धागाकर्त्यानं तोच लावायला हवा होता. त्याच्या आतही डिकोडर आहेच, फक्त वेगळ्या चालीचा. त्यात पाच फ्लिप-फ्लॉपचा (फ्लिप-फ्लॉप म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्किट) जॉन्सन काउंटर असतो. प्रत्येक ठोक्याला पाचातला एकच बिट बदलतो, त्यामुळे दहा अवस्था ओळखायला प्रत्येकी दोनच इनपुटांचा गेट पुरतो आणि मधल्यामध्ये चुकीचं आउटपुट चमकत नाही.

पण ४०१७ ला क्रम सोडता येत नाही. "आता तिसरा, मग सातवा, मग परत पहिला" असं सांगायची सोयच नाही. डिकोडरला पत्ता दिला की तो थेट तिथं जातो.

घड्याळजी

ताईंनी 'चुकीचं आउटपुट चमकणं' म्हटलं त्यावर जरा लिहितो. ७४९३ हा रिपल काउंटर आहे. त्यातला पहिला फ्लिप-फ्लॉप दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. तीनवरून चारवर जाताना तो एका उडीत जात नाही. आधी ०११, मग शेवटचा बिट पडतो आणि ०१० होतं, मग मधला पडतो आणि ०००, मग कुठे पहिला उठतो आणि १००. तीनवरून चारला जाताना वाटेत दोन आणि शून्य लागतात. डिकोडर बिचारा प्रामाणिक, तो त्या नॅनोसेकंदांतही वाय२ आणि वाय० ला हाक मारतो. धागाकर्त्याच्या माळा मधूनच चुकून लुकलुकत असतील तर कारण हेच.

निवृत्त_सोल्डर

असा ग्लिच (क्षणभराचा चुकीचा सिग्नल) येतो हे शंभर टक्के खरं, पण माळ त्यानं लुकलुकणार नाही. रिलेला ओढून यायला पाच-दहा मिलिसेकंद लागतात. काही दहा नॅनोसेकंदांचा ग्लिच त्याच्या गावीही नसतो. मॉसफेट पेटला तरी डोळ्याला दिसणार नाही. माळ लुकलुकत असेल तर सप्लाय बघा, ५५५ च्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का ते बघा.

हा ग्लिच नडतो तो डिकोडरच्या आउटपुटावरून दुसरा फ्लिप-फ्लॉप किंवा लॅच चालत असेल तेव्हा. त्याला दहा नॅनोसेकंदसुद्धा पुरतात. तिथं पुन्हा एनेबल कामाला येतो. पत्ता बदलत असताना एनेबल बंद ठेवायचा आणि पत्ता स्थिर झाल्यावर उघडायचा. ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरमध्ये वाचायचे-लिहायचे सिग्नल पत्त्यानंतर येतात ते उगाच नाही.

घड्याळजी

रिलेपुरतं मान्य.

पारसी_मोहल्ला

८०८५ चं नाव निघालं आणि राहवलं नाही. आमच्या वेळी १३८ शिकवायचे ते थेट मेमरी मॅपिंगमध्येच (कुठला पत्ता कुठल्या मेमरी चिपचा, हे ठरवण्यात). नव्या पोरांसाठी एकदा नीट लिहून ठेवतो.

८०८५ ला १६ अ‍ॅड्रेस लाइनी, म्हणजे ६४ किलोबाइटचं मैदान. हातात ८ किलोबाइटच्या चिप: २७६४ ईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी), ६२६४ रॅम. ८ किलोबाइटला १३ लाइनी लागतात, ए० ते ए१२, त्या सगळ्या चिपांना सरसकट जातात. वर उरल्या ए१३, ए१४, ए१५. या तीन १३८ च्या ए, बी, सी ला. झाले ६४ किलोबाइटचे आठ समान तुकडे. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहायचं तर, वाय० वर ०००० ते १एफएफएफ, वाय१ वर २००० ते ३एफएफएफ, असं करत वाय७ वर ई००० ते एफएफएफएफ. मेमरी चिपचा सिलेक्ट पाय शून्यावर चालतो, १३८ ची आउटपुटंही शून्यावर, त्यामुळे मध्ये एकही इन्व्हर्टर लागत नाही. आयओ/एम हा सिग्नल मेमरीच्या वेळी शून्य असतो, तो जी२ए ला. रीसेटनंतर ८०८५ ०००० पासून सुरू होतो, म्हणून ईप्रॉम वाय० वरच बसवावं लागतं. रॅम कुठंही ठेवा.

आता गंमत. समजा कुणी कंजूषपणा करून ए१५ जोडलाच नाही आणि सी पाय जमिनीला लावला. मग ०००० आणि ८००० यांत डिकोडरला फरक कळेनासा होतो. ८००० वर काय आहे ते वाचलं तर ०००० वरचं तेच ईप्रॉम दिसतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या किटात असंच होतं, आणि आमच्यातल्या काहींनी "मेमरी दुप्पट आहे" म्हणून आनंदानं जर्नल भरलं होतं. परीक्षक हसले आणि सही केली.

सीमाताई_डिजिटल

याचं मोठ्या घरातलं उदाहरण १९८१ सालच्या आयबीएम पीसीत आहे. पोर्टचे (मेमरीखेरीज इतर चिपांशी बोलायच्या जागांचे) पत्ते वाटायला तिथंही एलएस१३८ च. ए५, ए६, ए७ निवडायला आणि ए८, ए९ एनेबलला, म्हणजे त्या दोन्ही शून्य असतील तरच डिकोडर जागा. एकेका आउटपुटाला ३२ पत्ते मिळाले. म्हणून डीएमए (मेमरीत थेट माहिती ने-आण करणारी चिप) ०० पासून, इंटरप्ट कंट्रोलर हेक्स २० पासून, टायमर ४० पासून, कीबोर्डकडची चिप ६० पासून. हेक्समध्ये २० म्हणजे ३२. ते आकडे पाठ करायला लागायचे तेव्हा वाटायचं कुणीतरी लहरीपणानं ठरवलेत. ते १३८ नं ठरवलेत. इंटरप्ट कंट्रोलर ८२५९ ला खरं तर दोनच पत्ते पुरतात, मिळाले बत्तीस. उरलेल्या तिसांत त्याच दोघांचे पडसाद.

विश्वामित्री

बडोद्याहून. मी मेमरीच्या आतलं काम करतो म्हणून दोन शब्द. बाहेर १३८ ची आठवण लोकांना पाठ्यपुस्तकापुरती राहिली, पण प्रत्येक रॅम चिपच्या आत रो डिकोडर असतोच. पत्त्यातले काही बिट घ्यायचे आणि शेकडो वर्डलाइनींतली (मेमरीच्या एकेका ओळीच्या तारांतली) एकच उचलायची. तो नसेल तर मेमरी म्हणजे नुसतं गोदाम.

फक्त १३८ सारखा सरळ बांधत नाहीत. समजा ६ बिटांतून ६४ लाइनी हव्यात. सरळ केलं तर सहा इनपुटांचे ६४ गेट, म्हणजे गेटांचे एकूण ३८४ पाय. आणि प्रत्येक अ‍ॅड्रेस तारेला, सरळ किंवा उलट्या, ३२ गेटांचं ओझं. त्याऐवजी ६ बिटांचे तीन-तीनचे दोन गट करतात. प्रत्येक गटाचा आधी ३-ते-८ डिकोडर, म्हणजे तीन इनपुटांचे १६ गेट, ४८ पाय. मग दोन्ही गटांची एकेक तार घेऊन दोन इनपुटांचे ६४ गेट, १२८ पाय. एकूण १७६, निम्म्याहून कमी. याला प्रीडिकोडिंग म्हणतात. बिट वाढत जातात तसा फायदा आणखी वाढतो. जागा वाचते हे आहेच, पण आमचा खरा जीव वेगात अडकलेला असतो.

छप्पन_दुकान

गणपतीच्या माळेपासून रॅमच्या पोटापर्यंत! वाचनखूण साठवली.

रामबागी

अपडेट देतो. एचसीटी२३८ मिळाला, मॉसफेट लावले, तारमार्ग काकांचं ऐकून १२ व्होल्टच्या पट्ट्या घेतल्या. आता एका वेळी एकच माळ पेटते. पण ओळीनं जात नाही! ०, ४, २, ६, १, ५, ३, ७ अशा उड्या मारते आणि परत पहिल्यापासून.

सीमाताई_डिजिटल

उत्तर तुझ्या आकड्यांतच आहे. हे बायनरीत लिही: ०००, १००, ०१०, ११०, ००१, १०१, ०११, १११. आता प्रत्येक आकडा उजवीकडून डावीकडे वाच. शून्य, एक, दोन, तीन... ए आणि सी ची अदलाबदल झालीय. पहिली पिन ए, तिचं वजन १. तिसरी पिन सी, तिचं वजन ४. ७४९३ चा तीन बिटांचा भाग वापरत असशील तर नववी पिन क्यूबी सगळ्यांत हलका, आठवी क्यूसी मधला, अकरावी क्यूडी सगळ्यांत जड. पिनांचे आकडे ओळीनं नाहीत, तिथंच फसतं. क्यूबी ला ए, क्यूसी ला बी, क्यूडी ला सी.

रामबागी

ताई, तसंच होतं. तारा बदलणार एवढ्यात मंडळाचे अध्यक्ष येऊन बघून गेले. म्हणाले, "हे उड्या मारणं काय झकास दिसतंय, अगदी मिलच्या झांकीसारखं, हात लावायचा नाही." आता बदलू दे म्हणून विनवण्या करतोय.

सिमरोल_रोड

बघा, क्रम सोडायला ४०१७ ला जमलं नसतं. :)

पारसी_मोहल्ला

झांकीसारखं म्हणणं म्हणजे इंदूरात मोठं प्रशस्तिपत्र. अनंत चतुर्दशीच्या रात्री रस्त्यावर उभं राहून कापड मिलच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) पाहत मोठे झालेले आम्ही. राहू दे तसंच.

तिसरं_सेमिस्टर

धाग्यात घुसतेय, माफ करा. आमच्या प्रश्नपत्रिकेत हमखास येतं: "१३८ वापरून फुल अ‍ॅडर तयार करा." दिव्याचा डिकोडर बेरीज कशी काय करतो?

सीमाताई_डिजिटल

ये, ये. हा या चिपचा दुसरा चेहरा. तीन इनपुटांच्या आठ शक्यता असतात आणि १३८ त्यातल्या प्रत्येकीला स्वतंत्र तार देतो. म्हणजे आठही मिनटर्म तयार मिळाल्या. कुठलंही तीन इनपुटांचं फंक्शन म्हणजे त्यातल्या काही तारा एकत्र करणं, एवढंच.

फुल अ‍ॅडरमध्ये तीन बिटांची बेरीज. विषम संख्येनं एक असतील तर सम (Sum, म्हणजे बेरजेचा बिट) १: हे घडतं १, २, ४, ७ या ओळींत. दोन किंवा तीन एक असतील तर कॅरी (हातचा) १: ३, ५, ६, ७ या ओळींत. आउटपुटं उलटी असल्यामुळे ऑर गेट नाही, नँड लागतो. वाय१, वाय२, वाय४, वाय७ हे चार नँडला दिले की त्यातलं कुठलंही एक शून्य झाल्यावर नँडचं आउटपुट एक. तीच सम. दुसऱ्या नँडला वाय३, वाय५, वाय६, वाय७, ती कॅरी. ७४२० मध्ये चार इनपुटांचे नेमके दोन नँड असतात. एक १३८, एक ७४२०, फुल अ‍ॅडर तयार, कार्नो मॅप (गेट कमी करायचा तक्ता) काढायचीसुद्धा गरज नाही.

परीक्षेत ऑर गेट काढून मोकळे होणारे खूप. गुण तिथंच जातात. आणि एनेबल जोडायला विसरू नकोस: जी१ ५ व्होल्टला, बाकी दोन जमिनीला. आकृतीत ते नसतील तर मी तरी पूर्ण गुण देत नाही.

तिसरं_सेमिस्टर

ऑर गेटच काढलं असतं मी. धन्यवाद ताई! मग ही आउटपुटं मुळात उलटी का केली? सुलट असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

निवृत्त_सोल्डर

जुन्या टीटीएलचा (एलएस त्याच घराण्यातला) स्वभाव. एलएसचं आउटपुट शून्यावर असताना ८ मिलिअँपिअर गिळू शकतं, पण एकवर असताना जेमतेम ०.४ मिलिअँपिअर देऊ शकतं. म्हणजे ओढण्यात पहिलवान, देण्यात चिक्कू. म्हणून जिथं काम करून घ्यायचं तिथं शून्यच वापरायचं ठरलं. त्यातून पुढे चिप सिलेक्ट, रीड, राइट, सगळं शून्यावर चालणारं आलं. प्रयोगशाळेत १३८ वर एलईडी लावायचा तर तो ५ व्होल्टकडून ४७० ओहम घालून आउटपुटाकडे जोड, साधारण पावणेसहा मिलिअँपिअर वाहतील, छान पेटेल. निवडलेला एकच दिवा पेटतो आणि ट्रुथ टेबल समोर दिसतं. आउटपुटाकडून जमिनीकडे जोडलास तर सात दिवे मिणमिणतील आणि एक विझलेला असेल, म्हणजे हा धागा पहिल्यापासून.

रामबागी

काका!! :)

सुदामा_नगर

वरती पाच पिनांवर बत्तीस लाइनी असं वाचलं. मला शेतावरच्या ठिबकचे बत्तीस व्हॉल्व्ह एकेक करून चालवायचेत, एका वेळी एकच उघडायला हवा, पंपाला तेवढाच दाब आहे. चार १३८ लागतील हे कळतं, पण चौघांपैकी एकालाच जागं कसं करायचं?

सीमाताई_डिजिटल

एका वेळी एकच, म्हणजे डिकोडरचंच काम. खालचे तीन बिट ए०, ए१, ए२ चारही आयसींना समांतर द्या. वरचे दोन, ए३ आणि ए४, एनेबलवर. तीन एनेबल कशाला, याचं उत्तर इथं मिळतं. चौघांसाठी मिळून एकच इन्व्हर्टर पुरतो.

पहिल्या आयसीला दोन्ही बिट शून्य हवेत: ए३ जी२ए ला, ए४ जी२बी ला, जी१ ५ व्होल्टला. दुसऱ्याला ए३ एक आणि ए४ शून्य: ए३ जी१ ला, ए४ जी२ए ला, जी२बी जमिनीला. तिसऱ्याला ए४ एक आणि ए३ शून्य: ए४ जी१ ला, ए३ जी२ए ला, जी२बी जमिनीला. चौथ्याला दोन्ही एक हवेत: ए३ जी१ ला आणि ए४ इन्व्हर्टरमधून उलटा करून जी२ए ला, जी२बी जमिनीला.

शेतावर सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवायची सोयही लागेल. पहिल्या आयसीचा जी१ आणि बाकी तिघांचे जी२बी नुसते बांधून ठेवलेत, तिथं एक 'सर्व बंद' स्विच घाला. पहिल्याला तो सुलट जाईल, तिघांना उलटा, म्हणजे अजून एक इन्व्हर्टर. ७४०४ मध्ये सहा असतातच. आणि एचसी जातीचे आयसी घेतलेत तर एकही इनपुट हवेत सोडू नका. एलएसचा मोकळा पाय बहुधा एक समजला जातो, एचसीचा मोकळा पाय लांब तारांवर काहीही समजतो आणि रात्री दोन वाजता सतरावा व्हॉल्व्ह उघडतो.

तारमार्ग

आणि व्हॉल्व्हच्या कॉइलला उलटा डायोड. डीसी कॉइल असेल तर १एन४००७ चालेल. २४ व्होल्ट एसीचे व्हॉल्व्ह असतील तर डायोड लावू नका, तिथं ट्रायॅक लागेल. आधी कॉइलवरचं लेबल वाचून इथं टाका, मग पुढचं सांगतो.